खरखरीत दडलेली बोली : परग्रहवासी बोलत असतील तर आपल्याला कळत का नाही?

तापीकाठ (भुसावळ)

राम राम मंडळी.

१९६० साली फ्रँक ड्रेक यांनी ग्रीन बँकच्या २६ मीटर डिशने टाऊ सेटी आणि एप्सिलॉन एरिडानी या दोन ताऱ्यांकडे कान लावला. वारंवारता घेतली ती हायड्रोजनची, १४२०.४ मेगाहर्ट्झ. आदल्याच वर्षी कोकोनी आणि मॉरिसन यांनी ती सुचवली होती. तेव्हापासून शोधाचा मुख्य प्रवाह एकाच धारणेवर चालला आहे. समोरचा एका सुरात लांब शिट्टी वाजवेल आणि ती आकाशाच्या खरखरीतून वर डोकावेल. म्हणून आपण पट्टा हर्ट्झ-दोन हर्ट्झच्या चाळणीतून गाळतो आणि कुठे टोक उभं राहतं ते बघतो.

कोणी मुद्दाम आपल्याला हाक मारत असेल तर ही चाळण बरोबर आहे. १९७४ साली अरेसिबोहून आपण एम१३ या तारकागुच्छाकडे १६७९ बिटांचा संदेश पाठवला, तो अशाच सहज उठून दिसणाऱ्या ढंगाचा होता. पण आपापसात बोलणारे लोक शिट्टी कशाला मारतील? शिट्टीत ऊर्जा भरपूर आणि माहिती जवळजवळ शून्य. जास्त माहिती कमी ऊर्जेत पाठवायची तर ती रुंद पट्ट्यावर पसरावी लागते. पसरली की ती खरखरीसारखी दिसू लागते.

याचं उदाहरण आपल्या डोक्यावरच आहे. जीपीएसचा एल१ सिग्नल जमिनीवर पोचतो तेव्हा त्याची ताकद −१२८ डीबीएमच्या (ताकदीचं माप; १० चा फरक म्हणजे दहापट) आसपास असते. २ मेगाहर्ट्झ पट्ट्यात रिसिव्हरची उष्णतेची खरखर असते −१११ डीबीएम. म्हणजे सिग्नल खरखरीपेक्षा जवळपास ५० पट दुबळा. स्पेक्ट्रमवर काही दिसत नाही, तरी मोबाइल तो रोज वाचतो, कारण त्याच्याकडे कोड आहे.

माझी मांडणी अशी: ऊर्जा लपवता येत नाही, फार तर दुसरीकडे वळवता येते. रचना मात्र पूर्ण लपवता येते. या दोन वाटांनी कोण किती लपू शकतं आणि ते उघडं कुठे पडतं, याचा आकड्यांसह हिशोब या धाग्यावर व्हावा.

लळिंग (धुळे)

तापीकाठ भाऊ, रचनेच्या बाजूने टोक कुठे आहे ते सांगतो. २००४ साली लाखमन, न्यूमन आणि मूर या तिघांनी दाखवलं की विद्युतचुंबकीय लहरींवर दिलेल्या ऊर्जेत जास्तीत जास्त माहिती कोंबली, तर संकेताची भाषा माहीत नसलेल्या निरीक्षकाला तो प्रवाह तापलेल्या काळ्या वस्तूच्या किरणोत्सर्गापासून वेगळा ओळखता येत नाही. कारण सरळ आहे. ओळखता येण्याजोगा प्रत्येक नमुना म्हणजे पुनरुक्ती, आणि पुनरुक्ती म्हणजे वाया गेलेली जागा. उत्तम दाबलेल्या झिप फाइलचे बाइट बघा, यादृच्छिक आकड्यांसारखेच दिसतात.

पण हे टोक गाठणं अवघड आहे आणि वाटेत चार ठिकाणी चोरी उघडी पडते.

पहिली जागा ध्रुवीकरणाची, म्हणजे लहर कोणत्या दिशेत हेलकावते त्याची. उष्णतेची खरखर दोन्ही ध्रुवीकरणांत सारखी आणि एकमेकांशी असंबद्ध असते. एकाच फीडमधून (अँटेनाच्या तोंडातून) पाठवलेला कोड खरखरीसारखा दिसला तरी तो शंभर टक्के ध्रुवीकृत निघतो, आणि इतकी ध्रुवीकृत खरखर निसर्गात फार क्वचित. हे टाळायचं तर दोन ध्रुवीकरणांवर दोन स्वतंत्र प्रवाह पाठवावे लागतात. काटकसर करणारा ते करेलच, कारण माहितीही दुप्पट जाते.

दुसरी जागा पट्ट्याच्या कडा. आपलं डिजिटल टीव्हीचं प्रक्षेपण आतून खरखरीसारखं असतं, पण बाजूने पाहिलं तर भिंत बांधल्यासारखे सरळ काठ. निसर्ग असे काठ आखत नाही.

तिसरी तापमानाची, आणि ही सगळ्यांत पक्की. स्रोताची तेजस्विता आणि त्याचा कोनीय आकार मिळाला की त्याचं तापमान काढता येतं. काही किलोमीटरच्या अँटेनातून येणारी खरखर रेडिओवर जर अब्जावधी अंश तापमान सांगत असेल आणि त्याच जागी क्ष-किरणांत काहीच नसेल, तर ती उष्णतेची नाही हे नक्की. चौथी जागा लुकलुकण्याची: स्रोत जितका बारीक तितका तो ताऱ्यांमधल्या वायूतून येताना जास्त लुकलुकतो. तारे लुकलुकतात आणि ग्रह लुकलुकत नाहीत, तोच न्याय.

म्हणून "प्रगत संदेश ओळखताच येणार नाही" हे विधान अर्धंच खरं. संदेश वाचता येणार नाही. पाठवणारा मात्र सापडू शकतो.

गिरणामाई (चाळीसगाव)

आता दिशेची बाजू. आपल्या भागात हे समजावायला पाटपाणी आणि ठिबक पुरेसं आहे. पाटाने पाणी सोडलं की बांधापलीकडच्यालाही ओल लागते. ठिबकचं पाणी केळीच्या बुंध्याशीच पडतं, शेजारचं वावर कोरडं. रेडिओचं प्रक्षेपण म्हणजे पाटपाणी, लेसर म्हणजे ठिबक.

आकड्यांत सांगते. झोताची रुंदी साधारण तरंगलांबी भागिले आरशाचा व्यास. ११ डिसेंबर २०२३ रोजी नासाच्या सायकी यानाने ३.१ कोटी किलोमीटरवरून लेसरने २६७ मेगाबिट प्रतिसेकंद वेगाने व्हिडिओ पाठवला. तरंगलांबी १.५५ मायक्रॉन, दुर्बीण २२ सेंटिमीटर, लेसर ४ वॅटचा. भागाकार करा: पृथ्वीवर पडलेला ठिपका सुमारे २२० किलोमीटरचा, म्हणजे सरळ रेषेत जळगाव ते नाशिक. व्हॉयेजरची ३.७ मीटरची डिश ८.४ गिगाहर्ट्झवर त्याच अंतरावर साधारण ३ लाख किलोमीटरचा ठिपका टाकेल.

ताऱ्यांच्या अंतरावर हेच मांडू. १ मायक्रॉनचा लेसर, १० मीटरचा आरसा, १२ प्रकाशवर्षं. ठिपका साधारण १.१ कोटी किलोमीटर. पृथ्वी-सूर्य अंतर १५ कोटी, म्हणजे झोत त्या सूर्यमालेतल्या एका ग्रहाभोवती पडेल आणि शेजारच्या ग्रहालाही कळणार नाही. आपण त्या रेषेत नसू तर शोधायला इथे काहीही पोचत नाही. हे लपणं कोडने लपण्यापेक्षा भक्कम आहे, कारण कितीही ऐकलं तरी बेरीज शून्याचीच.

पण नेम धरणं कठीण. टाऊ सेटी आकाशात वर्षाला १.९ कोनीय सेकंद सरकतो. आपल्याला दिसतो तो १२ वर्षांपूर्वीचा, आणि आपला झोत पोचायला आणखी १२ वर्षं. म्हणजे आज दिसतो त्या जागेपासून साधारण ४६ सेकंद पुढे मारायचं, आणि झोत आहे ०.०२ सेकंदाचा. झोताच्या रुंदीच्या २३०० पट पुढचा नेम. ताऱ्याची गती दोन-अडीच हजारांत एका भागाइतकीही चुकली तर झोत हुकतो.

उघडं पडण्याची जागा एकच: जो झोत ग्रहावर पडत नाही तो पुढे जात राहतो आणि पसरत राहतो. योगायोगाने आपण त्या दोघांच्या रेषेत मागे असलो तर दिसेल. १९६१ मध्ये श्वार्ट्झ आणि टाउन्स यांनी लेसरचे संदेश शोधावेत असं सुचवलं. पुढच्या काळात नॅनोसेकंदांच्या लखलखाटांचा शोध सुरू झाला, तो म्हणूनच महत्त्वाचा. इतक्या थोड्या वेळापुरता लेसर आपल्या ताऱ्यालाही झाकून टाकू शकतो.

वाघूर (जामनेर)

भलतं भारी शे हाई, ताई. ठिबकचा दाखला पुढेही वापरीन.

मला विचारायचं ते हे: न्यूट्रिनो, गुरुत्वीय लहरी यांचं काय? वर्तमानपत्रांत सारखं तेच येतं.

लळिंग (धुळे)

वाघूर भाऊ, थोडक्यात. न्यूट्रिनोने संदेश पाठवून झालाय. २०१२ साली फर्मीलॅबमध्ये २४० मीटर खडकातून "न्यूट्रिनो" हा एकच शब्द पाठवला. वेग ०.१ बिट प्रतिसेकंद, अंतर जेमतेम १ किलोमीटर, आणि पाठवायला जगातला एक मोठा कणत्वरक. न्यूट्रिनो कशालाच अडत नाही हाच गुण आणि हाच दोष, तो रिसिव्हरलाही अडत नाही. गुरुत्वीय लहरींची गोष्ट त्याहून अवघड. २०१५ मध्ये पहिल्यांदा सापडलेल्या लहरीसाठी सुमारे तीन सूर्यांएवढं वस्तुमान ऊर्जेत गेलं होतं. हिंगोलीजवळ औंढा नागनाथला लायगो-इंडिया उभं राहील तेव्हा तेही असेच विश्वातले अपघात ऐकेल, गप्पा नव्हे.

खरा विचार करण्याजोगा मार्ग ताऱ्याच्या गुरुत्वीय भिंगाचा आहे. सूर्याच्या काठाला घासून जाणारा प्रकाश १.७५ कोनीय सेकंद वळतो, त्यामुळे तो सूर्यापासून सुमारे ५५० खगोलीय एककांवर (एक एकक म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतर) एकत्र येऊ लागतो. १ मायक्रॉनला तिथली वाढ १०० अब्ज पटींच्या घरात. असे दोन तारे समोरासमोर भिंग म्हणून वापरले तर क्षुल्लक ताकदीत दुवा जुळतो आणि झोताबाहेर काही सांडत नाही. १९७७ साली निघालेलं व्हॉयेजर १ अजून या अंतराच्या निम्म्यावरही पोचलेलं नाही. २०१४ साली गिलॉन यांनी सुचवलं की शेजारच्या ताऱ्यांच्या बरोबर विरुद्ध दिशेला, या अंतरापलीकडे कुठे रिले (संदेश पुढे पाठवणारं यंत्र) ठेवलेला आहे का ते बघावं. ती तपासणी आपल्याच अंगणातली आहे.

रावेरकर

कोडने लपणं म्हणजे काय हे हातात घेऊन बघता येतं, म्हणून कृती देतो. यात प्रक्षेपण काहीच नाही, फक्त ऐकणं आहे, परवान्याचा प्रश्न येत नाही.

सामान: १ पीपीएम (दहा लाखांत एक भाग) टीसीएक्सओ (तापमानाने कमी सरकणारं घड्याळ) आणि बायस-टी (तारेतूनच अँटेनाला वीज देणारी सोय) असलेला आरटीएल-एसडीआर डोंगल (लॅपटॉपला लावायचा रेडिओ रिसिव्हर), गाडीला लावतात ती अ‍ॅक्टिव्ह जीपीएस अँटेना, तिच्याखाली ठेवायला वीतभर पत्रा, लॅपटॉप. अँटेना गच्चीवर, आकाश मोकळं हवं.

१५७५.४२ मेगाहर्ट्झ लावा, नमुने २.०४८ मेगा प्रतिसेकंद, बायस-टी चालू, १० सेकंद नोंद करा. सुमारे ४१ एमबीची फाइल होते. आधी साधा स्पेक्ट्रम बघा. अँटेनाच्या फिल्टरचा उंचवटा सोडून काही दिसणार नाही, हे नीट बघून ठेवा. मग प्रत्येक बाइटमधून १२७.५ वजा करा, १ मिलिसेकंदाचे २०४८ नमुने घ्या, एका उपग्रहाचा १०२३ चिपांचा (कोडच्या एकेका तुकड्याला चिप म्हणतात) कोड तेवढ्याच लांबीला ताणा आणि एफएफटीने (वारंवारता सुट्या करणारं झटपट गणित) गुणून जुळणी काढा. डॉप्लरसाठी (गतीमुळे सरकलेली वारंवारता) −५ ते +५ किलोहर्ट्झ, ५०० हर्ट्झची पायरी, म्हणजे २१ फेऱ्या. २० मिलिसेकंदांच्या जुळण्यांचे वर्ग बेरजेत घ्या. उपग्रह वर असेल तर सपाट रानात एक सुळका उभा राहतो. ३२ कोड फिरवा, सात-आठ उपग्रह मिळावेत.

बिघडतं कुठे? टीसीएक्सओ नसलेला डोंगल ५० पीपीएम चुकला तर वारंवारता ७९ किलोहर्ट्झ सरकते आणि तुमची ५ किलोहर्ट्झची खिडकी रिकामी राहते. वैशाखात भुसावळ-रावेरच्या उन्हात गच्चीवर डोंगल ठेवला तर टीसीएक्सओसुद्धा सरकतो, म्हणून डोंगल खाली सावलीत आणि अँटेनाची तार वर. गेन (सिग्नल किती वाढवायचा ते) जास्त ठेवला तर बाइट ० आणि २५५ वर आपटतात. फाइलचा हिस्टोग्राम घंटेसारखा दिसला पाहिजे. यूएसबी हबमधून नमुने गळतात आणि गळलेल्या जागी जुळणी तुटते. कला (फेज) सांभाळून २० मिलिसेकंदांपलीकडे बेरीज करू नका, मधे डेटाचा बिट उलटला तर बेरीज स्वतःलाच खाते.

आता खरा मुद्दा. कोड माहीत नाही असं धरा. तरीही नोंद तिच्याच १ मिलिसेकंद मागच्या प्रतीशी गुणली तर पुनरावृत्ती सापडते, कारण हा कोड दर मिलिसेकंदाला परत येतो. इथे दुबळा सिग्नल दोनदा मार खातो. हिशोब बघा, २.०४८ मेगाहर्ट्झ पट्ट्यात खात्रीच्या पाच सिग्मांसाठी (खरखरीच्या नेहमीच्या चढउताराच्या पाचपट):

जीपीएससारखा −१७ डेसिबलचा (खरखरीच्या तेवढा खाली असलेला) सिग्नल: कोडशिवायही सेकंदाच्या तिसाव्या भागात सापडतो.
−४० डेसिबल: कोड असेल तर ०.१२ सेकंद, नसेल तर २० मिनिटं.
−६० डेसिबल: कोड असेल तर १२ सेकंद, नसेल तर १४१ दिवस.

कोडवाल्याला दर २० डेसिबलला शंभरपट वेळ लागतो, बिनकोडवाल्याला दहा हजारपट. नुसती ऊर्जा मोजून शोधायचं म्हटलं तरी हाच दुसरा रकाना लागू होतो. शिवाय तेवढे दिवस रिसिव्हरचा गेन दहा लाखांत एका भागाइतका स्थिर ठेवावा लागेल, जे होत नाही. आणि कोड कधीच परत येत नसेल, तर मागच्या प्रतीशी गुणण्याचा डाव संपला.

सातपुडा (शहादा)

रावेरकर भाऊ, कृती उत्तम. पण ताऱ्यावरून येणाऱ्या कोडला ही जशीच्या तशी लावू नका. ताऱ्यांमधल्या इलेक्ट्रॉनांमुळे कमी वारंवारता उशिरा पोचते. १.४ गिगाहर्ट्झवर, १ मेगाहर्ट्झ पट्ट्यात, डीएम (वाटेतल्या इलेक्ट्रॉनांचं माप) १० असेल तर फरक सुमारे ३० मायक्रोसेकंद. जीपीएसची चिप १ मायक्रोसेकंदाची आहे. म्हणजे तीस चिपा एकमेकींत कालवल्या जातात आणि शुद्ध कोडशी जुळणीचा सुळका खाली बसतो. पल्सर (ठरावीक ठोके देणारे तारे) अभ्यासणारे करतात तसं आधी डीएम उलटवावं लागतं, आणि डीएम माहीत नसेल तर तीही एक शोधाची मिती झाली. पाठवणाऱ्याला वाटेतलं डीएम माहीत असेल तर तो उलटी विकृती आधीच घालून पाठवेल. मग ठरलेल्या ठिकाणीच संदेश सरळ होतो, बाकी सगळीकडे कालवलेला राहतो. पत्ता कोडमध्येच.

मागच्या प्रतीशी गुणण्याला मात्र हे बाधत नाही. दोन्ही प्रतींवर विकृती सारखीच असते. म्हणून अनोळखी सिग्नलसाठी तीच पद्धत आधी लावावी.

अरुंद शिट्टी शोधणाऱ्यांनाही एक खूण: पृथ्वीच्या परिवलनामुळे आपल्या २१ अंश अक्षांशावर १४२० मेगाहर्ट्झचा आकाशातला सूर सेकंदाला ०.१५ हर्ट्झपर्यंत सरकतो. अजिबात न सरकणारा सूर बहुधा गावातलाच. २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पार्क्सच्या दुर्बिणीला प्रॉक्सिमा या शेजारच्या ताऱ्याच्या दिशेने ९८२ मेगाहर्ट्झवर सूर मिळाला होता आणि तो सरकतही होता. तरी तपासाअंती तो पृथ्वीवरचाच व्यत्यय निघाला. तशाच घडणीचे सूर इतर वारंवारतांवरही सापडले, त्यावरून ते कळलं.

गिरणामाई (चाळीसगाव)

लांब कोडबद्दल एक गोष्ट, आपल्या मातीतली. अंतराळयानांचं अंतर मोजायला जो कोड वापरतात तो २, ७, ११, १५, १९ आणि २३ लांबीच्या सहा छोट्या कोडांपासून बनतो. या संख्यांत सामाईक विभाजक नाही, म्हणून एकत्रित कोड १०,०९,४७० चिपांनंतर परत येतो. ज्याला घटक माहीत आहेत तो फक्त ७७ जुळण्या करतो: प्रत्येक घटकात आपण कितव्या चिपेवर आहोत ते काढायचं, आणि त्या सहा बाक्यांवरून मूळ जागा शोधायची. ज्याला माहीत नाही त्याच्यापुढे दहा लाख शक्यता.

बाक्यांवरून संख्या शोधणं म्हणजे कुट्टक. भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात तो सविस्तर मांडला आणि त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातू चांगदेवाने मठ स्थापल्याचा शिलालेख आमच्या पाटणादेवीला आहे. ज्या गणिताने यानाचं अंतर कळतं त्याच गणिताने कोडचं कुलूपही बनतं. अनोळखी कोड शोधताना मागे सरकवण्याची अंतरं फक्त गोल आकड्यांची घेऊ नका. छोट्या मूळ संख्यांचे गुणाकारही घ्या.

वाघूर (जामनेर)

जीपीएसचं झाल्यावर १४२० साठी स्वतःची अँटेना करायची तर तेलाचा १५ किलोचा डबा चालेल का? घराघरात मिळतो.

रावेरकर

नको. तो चौकोनी डबा साधारण २३ सेंटिमीटर रुंद असतो. १४२० ला त्यात एकाहून जास्त मोड (लहर डब्यात चालण्याचे प्रकार) चालतात आणि झोत वेडावाकडा होतो. गोल डबा घ्या, व्यास १५ ते १६ सेंटिमीटर. १६ ला मुख्य मोड ११०० मेगाहर्ट्झच्या आसपास सुरू होतो आणि पुढचा १४३५ ला, म्हणजे १४२० जेमतेम आत बसतं. १७ घेतला की दुसरा मोड शिरतो. १६ च्या डब्यात आतली तरंगलांबी ३३ सेंटिमीटर होते, म्हणून तांब्याची काडी बंद टोकापासून ८.३ सेंटिमीटरवर लावा, लांबी ५ सेंटिमीटरच्या थोडी वर. डब्याची लांबी किमान २५. एवढा लांब डबा मिळत नाही, दोन जोडावे लागतात. जोड आतून गुळगुळीत झाळा. व्यास १५ चा असेल तर आतली तरंगलांबी वाढून ३७ च्या पुढे जाते, काडीची जागा ९.३ ला न्यावी लागेल. एलएनए (कमी खरखरीचा अ‍ॅम्प्लिफायर) थेट काडीच्या कनेक्टरला, मधे तार नको. मोबाइलच्या टॉवरमुळे एलएनए दबतो, म्हणून सॉ फिल्टर (नको त्या वारंवारता अडवणारी गाळणी) असलेलाच घ्या.

यावर आकाशगंगेचा हायड्रोजन मिळेल. ताऱ्यावरचा कोड मिळणार नाही, तेवढं क्षेत्रफळच नाही.

तापीकाठ (भुसावळ)

मग लळिंग भाऊंची तिसरी आणि चौथी खूण, स्रोत बारीक आहे की नाही, ती आपल्याला तपासता येईल का? जळगाव आणि धुळे इथे दोन संच, एकाच वेळी नोंद?

सातपुडा (शहादा)

पद्धत म्हणून नक्की. दोन रिसिव्हरांची स्वतःची खरखर वेगवेगळी, आकाशातली तेवढी सामाईक. खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ३० डिशांमागे हेच तत्त्व आहे. जळगाव-धुळे सरळ अंतर ८० किलोमीटरच्या आसपास, २१ सेंटिमीटरला भेदनक्षमता (किती बारीक वेगळं दिसतं ते) अर्धा कोनीय सेकंद. या अंतरावर शांत सूर्यसुद्धा जुळणीत दिसणार नाही, कारण तो अर्ध्या अंशाचा आहे आणि त्याच्या वेगवेगळ्या भागांची खरखर एकमेकींना पुसून टाकते. मोठे नैसर्गिक स्रोत आपोआप गळतात, बारीक तेवढे उरतात. म्हणून चाचणीला सूर्य घेऊ नका, काहीच मिळणार नाही आणि संच बिघडला असं वाटेल. पहिली चाचणी १५७५.४२ वर जीपीएस उपग्रहांचीच, कोड न वापरता, एका गावाची नोंद दुसऱ्या गावाच्या नोंदीशी गुणून.

उशीर ±२७० मायक्रोसेकंदांच्या आत कुठेतरी असेल, म्हणजे २.०४८ मेगाला साधारण ±५५० नमुने. अडचण घड्याळाची. १ पीपीएम फरकाने दोन नोंदी पाव सेकंदात अर्धा नमुना सरकतात आणि १५७५ मेगाहर्ट्झवर वारंवारतेत दीड किलोहर्ट्झचा फरक पडतो. म्हणून १ मिलिसेकंदाचे तुकडे करा, प्रत्येकाची जुळणी वेगळी काढा आणि वारंवारतेचा फरक ±३ किलोहर्ट्झमध्ये ५०० च्या पायरीने शोधा. नोंद कधी सुरू झाली ते लॅपटॉपच्या घड्याळावरून ठरवू नका, ते मिलिसेकंदांनी चुकतं. दोन्हीकडे जीपीएस मॉड्यूलचा दर सेकंदाचा ठोका छोट्या रोधकातून अँटेनाच्या तारेजवळ सोडा, म्हणजे नोंदीतच खूण उमटते. ठोका जोरात सोडला तर गेन दबतो, खूण दिसेल एवढाच ठेवा.